काहीच आढळलं नाही

दीपा मुनेश्वरच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं यज्ञेश्वर मुळावकर कधीच म्हणत नसत. उत्तर तयार होतंय, असं म्हणत. ते तयार होता होता चार वर्षं गेली होती.

"आज तरी होईल का तयार?" सुहासिनीबाई डबा हातात देताना विचारायच्या. "की अजून फोडणीच द्यायची आहे?"

"बघतो आज," चपलांकडे पाहत ते म्हणायचे.

"अहो, पोरीनं दोन पानं लिहिली, तुम्ही दोन ओळी लिहा. पोहोचलं, शोधून राहिलो, एवढं तरी."

"शोधून राहिलो हे काय उत्तर झालं?"

यावर सुहासिनीबाई दार लावून घ्यायच्या. यज्ञेश्वर दिग्रसच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण त्यांच्या जागी कुणाला नेमलं नव्हतं आणि त्यांना येऊ नका असंही कुणी म्हटलं नव्हतं. ते रोज जात. किल्ली अजून त्यांच्याकडेच होती.

पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. काढून वाचायची गरज नव्हती, तरी ते काढत. दोन हजार पाच सालचा पोळा झाला आणि चारपाच दिवसांनी ते आलं होतं. रेघांचा कागद, अक्षर गोल, खाडाखोड नाही.

'आदरणीय सर, मी मारेगावला एका शाळेत शिकवते. शाळेला अजून अनुदान नाही. एम. फिल.ला नाव घालायचं ठरवलं आहे. विषय मीच निवडला: कापूस वेचणीच्या हंगामात शाळेत न येणाऱ्या मुली. मार्गदर्शक म्हणतात, या विषयावर आधी कोणी काय लिहिलं आहे ते आणा, मग बोलू. आपल्या ग्रंथालयात इंटरनेट आल्याचं कळलं. आपण शोधून द्याल का? दिवाळीपर्यंत मिळालं तर नाव घालता येईल. विषय बरा आहे ना, सर?'

शेवटच्या वाक्याकडे त्यांचं तेव्हा लक्षच गेलं नव्हतं. त्यांच्या मते पत्रात प्रश्न एकच होता, आणि तो शोधायचा होता.

दीपा त्यांना चांगली आठवत होती. बी. ए.ची तीन वर्षं ती ग्रंथालयात उभ्यानं वाचायची. बसायला बाकं होती, पण दोन कपाटांच्या मधल्या बोळात, खिडकीच्या उजेडात ती उभी राहायची. बसलं की कुणीतरी उठवेल अशी तिला लहानपणापासूनची सवय असावी. दसरा उलटला की ती दिसेनाशी व्हायची आणि संक्रांतीच्या आसपास पुन्हा उगवायची. तेव्हा तिच्या बोटांच्या पेरांवर वाळलेल्या बोंडांचे ओरखडे असायचे. परत आलेल्या पुस्तकांतून कधी सरकीला चिकटलेला कापसाचा पुंजका निघायचा. तिची ती खूण असे. यज्ञेश्वर तो पुंजका काढून टाकत नसत. तिनं पुन्हा तेच पुस्तक मागितलं तर पान शोधावं लागू नये.

एकदा एका प्राध्यापकांनी तिला ग्रंथालयात सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय गं मुनेश्वर, तीन महिने कुठं गेलती?"

"वेचाले गेलती सर."

"अन् परीक्षा काय कापूस देणार आहे?"

सगळे हसले. दीपाही हसली. यज्ञेश्वरांना त्या प्राध्यापकांना काहीतरी सुनवायचं होतं. वाक्य रात्री जेवताना सुचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच केलं, की तिला हवी असलेली तीन पुस्तकं तिच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवली. हे त्यांचं बोलणं होतं. तिला ते कळत असावं असं त्यांना वाटायचं.

ग्रंथपालकीतला त्यांचा एक नेम होता. पुस्तक प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिल्याशिवाय ते त्याचं कार्ड लिहीत नसत. वाचकाला संदर्भ द्यायचा तर तोही आधी स्वतः उघडून, पान ताडून. नवशिके सहायक सूचीवरून कार्डं उतरवायचे तेव्हा ते नरमाईनं ती फाडायचे आणि म्हणायचे, "आपण पाहिलेलं नाही ते आहे असं कसं सांगायचं?" छत्तीस वर्षांत त्यांच्या कार्डावर विसंबून कपाटापाशी गेलेला वाचक रिकाम्या हातानं परतला नव्हता.

आणि मग कॉम्प्युटर आला. हळदकुंकू लावून, हार घालून, प्लॅस्टिकची टोपी घालून तो त्यांच्या टेबलाशेजारी बसवला गेला. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं, की आता जगातली सगळी ग्रंथालयं या खोलीत आली आहेत. यज्ञेश्वरांना ते खरंच वाटलं होतं. म्हणूनच ते घाबरले. एका खोलीतली नऊ हजार पुस्तकं ओळखीची व्हायला त्यांचं आयुष्य गेलं होतं.

तरी ते शिकले. एक बोट, मग दोन बोटं. टेलिफोनच्या तारेतून ते जोडलं जाताना कुणी घसा खाकरावा तसा आवाज यायचा, आणि पान अर्धं उमटतंय तोवर लोडशेडिंग व्हायचं. गुगल, शोधनिबंधांच्या सूची, विद्यापीठांच्या प्रबंधांच्या याद्या, शिक्षकांसाठी फुकट उघडी असलेली नियतकालिकं, एकेक त्यांनी धुंडाळलं. प्रत्येक ठिकाणाचं त्यांनी कार्ड केलं, पत्ता काळ्या शाईनं, पाहिल्याची तारीख लाल शाईनं. ग्रंथालयात येणारी पोरं हसायची. "सर इंटरनेटले ड्रॉवरात भरून राह्यले बे!" असं एकजण म्हणाला, ते त्यांना ऐकू आलं आणि थोडं आवडलंही.

यवतमाळ आणि कापूस हे दोन शब्द लिहिले की पडदा ओसंडायचा. हजारो पानं. बहुतेक मरणांची. आकडे, नकाशे, समित्यांचे अहवाल, दिल्ली-मुंबईच्या विद्वानांचे लेख. त्या वर्षांत ती माणसं त्यांच्या ग्रंथालयातही यायची, जुनी वर्तमानपत्रं मागायची, पाण्याची बाटली टेबलावर ठेवून फोटो काढायची. पण त्यापुढे मुली, शाळा, वेचणी असे शब्द जोडले की ती गर्दी पांगायची, आणि पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उरायची: काहीही आढळले नाही.

यज्ञेश्वर ती ओळ पाहून ओशाळायचे. चष्मा पुसून शब्द बदलून पाहायचे. पुन्हा तीच ओळ. त्यांना एकदाही वाटलं नाही, की नसेलच. एवढ्या मोठ्या जगात असं कसं नसेल? कुणीतरी लिहिलं असणारच, कुठंतरी ठेवलं असणारच. आपल्याला नीट मागता येत नाही. एखादा तरुण माणूस असता तर चुटकीसरशी काढलं असतं. पण एखाद्या तरुण माणसाला विचारायचं, तर इतकी वर्षं ग्रंथपाल असलेल्या माणसाला शोधता येत नाही हे कबूल करावं लागलं असतं.

दिवाळी आली आणि गेली.

त्याच हिवाळ्यात इंदूबाई भेटली. दीपाची आई. हंगामात ती कॉलेजमागच्या, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला यायची. फाटकाशी तिनं त्यांना गाठलं. डोक्याला बांधलेल्या फडक्यापासून भुवयांपर्यंत पांढरी बारीक लव चिकटलेली.

"सर, पोरीचं पत्र भेटलं काय हो तुमाले?"

"हो, हो. भेटलं. उत्तर तयार होऊन राहिलंय."

"बरं झालं. मले वाटलं टपालवाल्यानं खाल्लं." ती हसली. "तिचा एक दिवस जात नाही पोस्टमनले इचारल्याबिगर. त्यानं म्हने आता रस्ता बदलला."

त्या संध्याकाळी यज्ञेश्वर कुलूप लावायच्या वेळेनंतरही बसून राहिले. काहीही आढळले नाही.

पुढच्या वर्षी इंदूबाई पुन्हा दिसली. या वेळी तिनं त्यांना गाठलं नाही. तेच तिच्यापाशी गेले. दीपा कशी आहे, विचारलं.

"लगन जमवलं तिचं. बल्लारशाचा पोरगा हाय, पेपर मिलात."

"आणि ते एम. फिल.?"

"ते सोडलं न तिनं तवाच." इंदूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. "मी म्हटलं, अवं पुना एक पत्र टाक सरले. तं म्हने, नको माय. सरले विषय पसंत नसन पडला. सर चांगले हायेत, तोंडावर नाही म्हनत नाहीत कोनाले. म्हून गप हायेत. म्हने, कापूस वेचनाऱ्या पोरी काय पुस्तकात लिव्हाची गोष्ट हाय काय? आपल्यालेच समजाले पायजे होतं."

तिथंच, त्या फाटकाशी, यज्ञेश्वरांना सांगता आलं असतं. विषय पसंत होता. इतका पसंत होता, की त्यापुढे दुसरं कुणाचं काम त्यांनी वर्षभर हातात धरलं नव्हतं. पण ते म्हणाले, "नाही नाही, तसं काही नाही," आणि हे वाक्य इतकं पुटपुटत म्हणाले, की ते तिला ऐकू जायच्या आत भोंगा झाला आणि इंदूबाई पदर खोचत आत निघून गेली.

मग ते आणखी जोरानं शोधायला लागले. आता एकदम पूर्ण उत्तरच पाठवायचं. दहा-बारा संदर्भ, व्यवस्थित लिहिलेले, सोबत नकला. ते पाहून ती पुन्हा सुरू करेल. म्हणजे आधी सापडलं पाहिजे.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर एका दुपारी प्राची आत आली. अर्थशास्त्र शिकवायला नव्यानं लागलेली, यवतमाळची. नुकतीच पीएच. डी. झालेली.

"सर, तुमचं झालं असेल तर मी बसू का जरा?"

"बसा, बसा. माझं काही होतच नाही."

"असं काय शोधून राहिले तुम्ही रोज?"

चार वर्षांत हा प्रश्न कुणी सरळ विचारला नव्हता. यज्ञेश्वरांनी खणातलं पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. वर तारीख होती. ती प्राचीनं वाचली की नाही, ते त्यांनी पाहिलं नाही. तिनं खुर्ची ओढली, दहाही बोटांनी काहीतरी टाइप केलं, आणि ते चष्मा नाकावर नीट बसवेपर्यंत म्हणाली, "हे घ्या. आहे की एक."

"आहे?"

"आहे. पूर्ण निबंध आहे, फुकट वाचता येतो."

यज्ञेश्वर उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की प्राचीही हसली. "बघा," ते म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो. असणारच. मलाच येत नव्हतं." खिशातून पेन काढलं, कार्ड घेतलं, आणि पडद्याजवळ तोंड नेऊन ते उतरवायला लागले. लेखिकेचं नाव. आंध्रातल्या कापूसपट्ट्यातली गावं. वेचणीचा हंगाम. मुलींची हजेरी. नियतकालिक. वर्ष दोन हजार आठ.

ते थांबले.

"गेल्या वर्षीचा आहे हा."

"हो. ताजा आहे."

नेमाप्रमाणे त्यांनी तो उघडून वाचायला घेतला. इंग्रजी सोपं होतं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की कापूस वेचणीच्या हंगामात मुली शाळेबाहेर राहतात हे खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही उपलब्ध साधनांमध्ये बराच शोध घेऊनही या विषयावर आधीचा एकही अभ्यास आढळला नाही.

यज्ञेश्वरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग बोट पडद्यावर ठेवून विचारलं, "हे असं लिहिलेलं चालतं?"

"कुठलं? हे? चालतं काय सर, लिहावंच लागतं. माझ्या गाइडनं सहा महिने माझ्याकडून हेच करून घेतलं. आधी कुणी केलेलं नाही हे दाखव, मगच विषय तुझा." ती बोलता बोलता पत्राकडे पाहत होती. आता तिनं तारीख वाचली. "सर... तुम्हाला तेव्हा काय सापडलं होतं?"

"काहीच नाही. नुसती ओळ यायची. काही आढळलं नाही म्हणून."

"शोधलं होतं पण तुम्ही. सगळीकडे?"

त्यांनी कार्डांचा खण उघडून दाखवला. प्राचीनं काही कार्डं उलटली. काळी शाई, लाल शाई. उलटलेली कार्डं तिनं परत जागच्या जागी लावली.

"मग तेच कळवायचं होतं ना, सर," ती हळूच म्हणाली. "तेच तर उत्तर होतं."

यज्ञेश्वरांनी मान हलवली, वर्गात पाठीमागच्या बाकावरच्या मुलानं हलवावी तशी. मग त्यांनी अर्धवट लिहिलेलं कार्ड पूर्ण केलं आणि विचारलं, "याची प्रत निघेल का?"

प्राचीनं छापून दिली. सोळा पानं होती. ती गरम होती.

जिनिंगच्या फाटकाशी ते सुट्टी होईपर्यंत उभे राहिले. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. इंदूबाई बाहेर आली तेव्हा आधी तिनं त्यांना ओळखलंच नाही. त्यांच्याही अंगावर लव बसली होती.

"सर? इथं काहून उभे?"

"दीपाचा पत्ता हवा होता."

"आता कायले?" ती म्हणाली आणि मग, फार तोडून बोलले असं वाटून, कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. "मले काही लिव्हता येत नाही. थांबा, लावूनच देते."

"नको नको, फोन नको..."

पण तिनं बटण दाबलं होतं. "दीपे, हे घे, कोन बोलते पाय. मुळावकर सर हायेत. कालेजातले. हव, तेच." आणि मोबाइल त्यांच्या कानाला लावून धरला, स्वतःच्या हातानं.

"सर?" आवाज बदलला नव्हता. मागे एक लहान मूल काहीतरी आपटत होतं. "बरे आहात ना, सर? काकू बऱ्या आहेत?"

"हो. दीपा, मला तुझा पत्ता दे. तुझ्या पत्राचं उत्तर पाठवायचं आहे."

पलीकडे मूल आपटायचं थांबलं. किंवा तिनं त्याला उचलून घेतलं असावं.

"कोणत्या पत्राचं, सर?" दीपानं विचारलं.

ती खरंच विसरली होती, की त्यांना सोडवत होती, ते यज्ञेश्वरांना कळलं नाही. दोन्हींपैकी कुठलं बरं, तेही कळलं नाही.

"तू मारेगावहून लिहिलं होतंस," ते म्हणाले.

"अं... हां." मग लगेच, घाईनं, "पाठवा ना सर. पत्र आलं की बरंच वाटते. इकडे कोणाचं येत नाही." आणि तिनं पत्ता सांगितला. पिनकोडसकट, सावकाश, एकेक आकडा. तिला माहीत होतं की सर लिहून घेत असतील आणि मग पुन्हा वाचून दाखवतील. त्यांनी वाचून दाखवला. "बरोबर," ती म्हणाली.

इंदूबाईनं मोबाइल पदराला पुसून ठेवला. "काय म्हने?"

"पाठवा म्हणाली."

"तिचं तसंच हाय," इंदूबाई म्हणाली. "नाही म्हनत नाही कोनाले."

रात्री यज्ञेश्वरांनी कागद पुढे घेतला. पहिल्यांदा लिहिलं ते चार पानं झालं. त्यात कॉम्प्युटर होता, लोडशेडिंग होतं, त्यांचं वय होतं. सुहासिनीबाई पलीकडे लसूण सोलत होत्या. चार पानांत दीपाबद्दल एकही वाक्य नाही हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी ती फाडली.

मग लिहिलं:

'चि. दीपास आशीर्वाद. तू विचारलं होतंस की या विषयावर आधी कोणी काय लिहिलं आहे. त्या वर्षी मी सगळीकडे शोधलं. कोणीही काहीही लिहिलेलं नव्हतं. हे मला दिवाळीच्या आतच दिसलं होतं. मला वाटलं, मला शोधता येत नाही. तुला कळवलं असतं तर तो विषय तुझा झाला असता. आता एक निबंध आला आहे, तो सोबत जोडला आहे. काम प्रामाणिक आहे. पण ओरखड्यांबद्दल त्यात काही नाही. तू आणखी एक विचारलं होतंस, की विषय बरा आहे ना. मी इतक्या वर्षांत पाहिलेल्यांत तो सर्वांत चांगला होता.'

खाली सही केली. वाचून दाखवलं नाही, पण कागद सुहासिनीबाईंच्या बाजूला सरकवला. त्यांनी लसणाचे हात पुसून तो वाचला.

"झालं तयार?" त्या म्हणाल्या. या वेळी फोडणीचं काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी डिंकाची बाटली आणून दिली.

सकाळी ते आधी ग्रंथालयात गेले. कुलूप उघडलं, कोरं कार्ड घेतलं आणि काळ्या शाईनं वरच्या ओळीवर लेखकाचं नाव घातलं: मुनेश्वर, दीपा मारोती. खाली विषय. प्रकाशकाची जागा, वर्षाची जागा, पानांची जागा त्यांनी मोकळी सोडली. लाल शाईनं तारीख टाकायची जागाही. शाई वाळू दिली. मग लेखकांच्या खणात, 'म'च्या गठ्ठ्यात, तिच्या आधी येणाऱ्या आणि तिच्या नंतर येणाऱ्या नावांच्या मधोमध त्यांनी ते कार्ड सरकवलं आणि खण बंद केला.

बसस्टँडसमोरच्या टपालपेटीपाशी गर्दी नव्हती. पुसदची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. पाकीट जाड होतं, तोंडाशी अडकलं. यज्ञेश्वरांनी ते बाहेर काढलं, पत्ता पुन्हा एकदा ताडला, पिनकोड ताडला, आणि आडवं करून आत ढकललं. आत पडल्याचा आवाज आला. तरी त्यांनी झाकण धरूनच ठेवलं होतं.

"काका," मागून कुणीतरी म्हणालं, "टाकलं ना? मंग सरका, मले टाकू द्या."

"हो, टाकलं," यज्ञेश्वर म्हणाले, आणि बाजूला झाले.